नाव बदलायचंय? कोणतं ॲप किती छळतं

लग्न, घटस्फोट, राजपत्रात छापून आलेलं नवं नाव, आडनाव सोडून आईचं नाव लावायचा निर्णय, अंकज्योतिषवाल्याने सुचवलेलं एक जादा अक्षर, नाहीतर दुकानाची पाटीच बदललेली. कारण काहीही असो, आधार-पॅनचं काम मार्गी लागलं की पुढची फेरी सोशल मीडियावरच्या खात्यांची. सेवा सगळीकडे फुकट, पण दर्जात मोठा फरक. कुठे दहा सेकंदांत काम होतं आणि त्रास पंधरा दिवसांनी सुरू होतो. कुठे आधी कागदपत्रं मागतात, मग मात्र पुन्हा बघावं लागत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. बहुतेक ॲपमध्ये तुमची दोन नावं असतात. एक दिसणारं: प्रोफाइलवर ठळक अक्षरांत असतं ते. दुसरं म्हणजे पत्ता: युजरनेम किंवा हँडल, जे लिंकमध्ये येतं आणि ज्याच्या आधी ॲटचं चिन्ह लागतं. दिसणारं नाव बदललं तर सहसा काही बिघडत नाही. पत्ता बदलला की त्याच्या भरवशावर छापलेलं, लिहिलेलं, टॅग केलेलं सगळं हलतं. बहुतेकांना फक्त पहिलं बदलायचं असतं आणि उत्साहाच्या भरात दुसरंही बदललं जातं. नाव बदलून द्यायला प्रत्येक ॲप तयार असतं. जुन्या नावाचं पुढे काय करतं, यावर खालचे गुण दिले आहेत.

फेसबुक: पाचपैकी अडीच

मार्ग असा. मेनू, सेटिंग्ज अँड प्रायव्हसी, सेटिंग्ज, तिथे वरच दिसणारं अकाउंट्स सेंटर, त्यात प्रोफाइल्स, मग आपलं फेसबुक प्रोफाइल आणि शेवटी नेम. तीन चौकटी येतात: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. भरून रिव्ह्यू चेंज दाबायचं, नाव कोणत्या क्रमाने दिसेल ते निवडायचं, मागितला तर पासवर्ड द्यायचा आणि सेव्ह चेंजेस.

काम दोन मिनिटांचं. पण सेव्ह दाबलं की पुढचे ६० दिवस हात बांधलेले. एखादं अक्षर चुकलं तरी सूट नाही. 'कुलकर्णी'वरचा रफार राहिला तर दोन महिने तुम्ही 'कुलकणी'. म्हणून रिव्ह्यूच्या पडद्यावर थांबा, नाव अक्षर-अक्षर वाचा, घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या आणि मगच पुढे जा. फोनचा कीबोर्ड आडनावं परस्पर 'दुरुस्त' करतो, हे या चौकटीत विशेष महागात पडतं.

फेसबुकचा नियम असा की रोजच्या व्यवहारात लोक ज्या नावाने ओळखतात तेच नाव हवं आणि ते ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. नावात अंक, चिन्हं, भलत्याच ठिकाणी मोठी लिपी, एकच अक्षर ताणून लिहिणं चालत नाही. पदव्या आणि बिरुदं चालत नाहीत. आपल्याकडे नेमकं इथेच घोडं पेंड खातं. डॉ., ॲड., प्रा., इंजि., ह.भ.प., पै. यांपैकी काहीही पहिल्या नावाच्या चौकटीत घातलं की नियम मोडला. अशी बिरुदं लावलेली खाती ढिगाने दिसतात हे खरं, पण ती यंत्रणेच्या नजरेतून सुटलेली असतात. कुणी तक्रार केली की नावाची खातरजमा करायला सांगतात, आणि ओळखपत्रावर 'पैलवान' लिहिलेलं नसतं.

दुसरी अडचण लिपीची. एकाच नावात अनेक भाषांची अक्षरं मिसळलेली फेसबुकला नको असतात. पहिलं नाव देवनागरीत आणि आडनाव रोमनमध्ये लिहिलं की अडतं. एक लिपी ठरवा आणि तिन्ही चौकटींत तीच ठेवा.

मग देवनागरीत नाव ठेवलं तर रोमनमध्ये शोधणाऱ्यांनी काय करायचं? यासाठी फेसबुककडे चांगली सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. नावाच्याच सेटिंगमध्ये भाषेनुसार वेगळं नाव जोडता येतं. मूळ नाव रोमनमध्ये ठेवून मराठीतलं नाव तिथे भरता येतं. हा पर्याय सगळ्या खात्यांना एकाच जागी दिसत नाही. दिसला तर जरूर भरा.

माहेरच्या आडनावासाठी वेगळी जागा आहे. प्रोफाइलच्या अबाउट विभागात 'अदर नेम्स' मध्ये टोपणनाव, माहेरचं नाव, पूर्वीचं नाव, असे प्रकार निवडून जोडता येतात. 'नेम विथ टायटल' हाही एक प्रकार आहे, म्हणजे 'डॉ.' लावायची अधिकृत जागा हीच. 'शो ॲट टॉप ऑफ प्रोफाइल' वर खूण केली की मुख्य नावाजवळ कंसात ते दिसतं. शाळेतल्या मैत्रिणी जुन्याच आडनावाने शोधणार, त्यांना तुम्ही सापडायला हवं असेल तर ही खूण कराच. ज्यांना जुन्या नावाची सावलीही नको आहे, घटस्फोटानंतर किंवा लिंगओळख बदलल्यावर, त्यांनी उलट करायचं: या विभागात आधीचं काही शिल्लक राहिलंय का ते बघून काढायचं. मुख्य नाव बदललं तरी इथलं नाव आपोआप जात नाही. जुन्या पोस्टवरच्या टॅगमध्ये नवं नाव येतं. पण मित्रांनी हाताने टाइप केलेलं जुनं नाव तसंच राहतं, ते त्यांनाच बदलायला सांगावं लागतं.

'आत्ता नाव बदलता येणार नाही' असा संदेश आला तर कारणं मोजकीच असतात. ६० दिवस झालेले नाहीत. नाव नियमात बसत नाही. नावाची खातरजमा करायला आधीच सांगितलं आहे आणि ती बाकी आहे. किंवा पूर्वी कधीतरी ओळखपत्र देऊन वेगळंच नाव पक्कं केलेलं आहे. शेवटचं कारण लोक विसरून गेलेले असतात. मग ब्राउझर बदल, फोन बदल, असले उपाय करत बसतात. त्याने काही होत नाही. नव्या नावाचं ओळखपत्र देणं हाच रस्ता.

ओळखपत्रावर नाव आणि जन्मतारीख किंवा नाव आणि फोटो स्पष्ट हवा, आणि तो तपशील खात्याशी जुळायला हवा. फोटो काढताना चारही कोपरे चौकटीत आणि प्लॅस्टिकवर दिव्याची चमक नको. आधार देत असाल तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बाकी नको ती माहिती झाका. दिलेलं ओळखपत्र फेसबुक वर्षभरापर्यंत ठेवू शकतं. ते ३० दिवसांत काढून टाकण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, तो लगेच निवडून मोकळं व्हावं.

लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्यांसाठी खास सूचना. फेसबुकच्या यादीत विवाह प्रमाणपत्र आहे म्हणून ते जोडलं जातं. पण आपल्या नोंदणी कार्यालयाच्या प्रमाणपत्रावर वधूचं नाव सहसा लग्नाआधीचंच असतं. तपासणाऱ्याला नवं नाव त्यावर सापडत नाही आणि अर्ज परत येतो. त्यापेक्षा नव्या नावाचं पॅन, पासपोर्ट किंवा आधार हातात येईपर्यंत थांबणं बरं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा तिथलं स्पेलिंग आधी ठरवा आणि फेसबुकवर नेमकं तेच लिहा.

खऱ्या नावाचा हा हट्ट जुना आहे आणि त्याने फेसबुकचंच तोंड पोळलेलं आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत ड्रॅग कलाकारांची खाती 'खोटं नाव' म्हणून बंद झाली. गदारोळ झाला आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये भारतात नवीन खातं उघडणाऱ्या काही जणांना 'आधारवरचं नाव लिहा, म्हणजे मित्रांना ओळखायला सोपं जाईल' अशी सूचना दिसू लागली. ती छोटी चाचणी होती, आता संपली, असा खुलासा झाला. आधार देणं तेव्हाही सक्तीचं नव्हतं आणि आजही नाही. दुसरं ओळखपत्र चालतं.

आईचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं लावणाऱ्यांनी दोन्ही मधल्या चौकटीत एक जागा सोडून लिहावीत. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव यायलाच हवं, असं महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवलं. ती पिढी वयाच्या तेरा वर्षांच्या अटीतून फेसबुकवर येऊ लागेल तेव्हा चार भागांचं नाव नेहमीचंच होईल, आणि चौकटी तीनच असतील.

व्यवसायाच्या पेजचं नाव बदलणं वेगळं. तिथे बदलाची तपासणी होऊ शकते, आणि विषयच बदलणारं नाव, म्हणजे साड्यांच्या पेजचं जमीन खरेदी-विक्रीचं पेज, नाकारलं जाऊ शकतं. हे योग्यच आहे. जमवलेले फॉलोअर विकणाऱ्यांना तेवढाच चाप.

इन्स्टाग्राम: पाचपैकी तीन, आणि तेही हात आखडून

एडिट प्रोफाइल, मग नेम. दिसणारं नाव १४ दिवसांत दोनदा बदलता येतं. फेसबुकसारखी कटकट नाही. देवनागरी चालते, इमोजी चालतात, 'घरगुती दिवाळी फराळ, नाशिक' असं पूर्ण वर्णनही नावात चालतं. वर्णन घालणं फायद्याचंही आहे, कारण शोधताना हे नाव धरलं जातं. इथवर चार गुण.

एक गुण गेला तो युजरनेमपायी. ते जास्तीत जास्त ३० अक्षरांचं: रोमन अक्षरं, अंक, टिंब आणि अंडरस्कोअर. चौकटीत नवं लिहा, बरोबरची खूण आली की झालं. बदलल्यावर साधारण १४ दिवस जुनं परत घेता येतं, तेही 'बहुतेक वेळा' या शब्दांत. त्यानंतर जुनं युजरनेम मोकळं सुटतं आणि कुणीही उचलू शकतं.

घोळ होतो तो असा. जुनी प्रोफाइल लिंक नव्यावर वळत नाही, तिथे 'हे पान उपलब्ध नाही' एवढंच दिसतं. प्रोफाइलच्या क्यूआर कोडमध्येही युजरनेमच असतं, त्यामुळे खोक्यांवर, फ्लेक्सवर, व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्यूआर त्याच क्षणी मेला. लोकांनी कॅप्शनमध्ये लिहिलेला जुना उल्लेख तसाच राहतो. त्यातून चाललेली गिऱ्हाइकं कुठेच पोचत नाहीत, किंवा तोवर तुमच्या जुन्या युजरनेमवर आयत्या बिळावरचा नागोबा बसला असेल तर त्याच्याकडे पोचतात. हजारो फॉलोअर असलेल्या खात्याचं जुनं नाव उचलायचं, तोच फोटो लावायचा आणि 'ऑर्डरसाठी आगाऊ पैसे पाठवा' असे मेसेज टाकायचे, ही फसवणुकीची मळलेली वाट आहे. फोटोवरचे टॅग मात्र खात्याला चिकटलेले असतात, ते नव्या नावासकट येतात. वेगवेगळ्या पोस्टच्या लिंकही चालू राहतात, कारण त्यात युजरनेमची गरज नसते.

युजरनेम बदलणं भागच असेल तर आधी आठवडाभर स्टोरी आणि बायोमध्ये नवं नाव जाहीर करा. बदल केल्या दिवशीच संकेतस्थळ, गूगल मॅप्सवरची नोंद, व्हॉट्सॲप बिझनेसची माहिती आणि बाकी खात्यांचे बायो बदला. पंधरवडा संपला की एक नवं खातं उघडून जुनं युजरनेम त्याला लावून बघा. मिळालं तर त्याच्या बायोमध्ये 'आम्ही आता इथे आहोत' एवढं लिहून ते खातं नुसतं राखून ठेवा. एकाच ॲपमध्ये अनेक खाती ठेवता येतात, त्यामुळे वेगळा फोन लागत नाही. मिळेलच याची खात्री नाही, पण प्रयत्नाला पैसे पडत नाहीत.

मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्या खात्यांचा युजरनेम-बदल तपासणीसाठी थांबवून ठेवला जाऊ शकतो. पैसे भरून पडताळणीची निळी खूण घेतलेली असेल तर आणखी एक पेच. मेटा व्हेरिफाइड भारतात जून २०२३ मध्ये मोबाइलवर महिना ६९९ रुपयांना आलं आणि तेव्हापासून अट हीच आहे की नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. नाव, युजरनेम किंवा फोटो बदलायचा तर पडताळणी पुन्हा. लग्न ठरलं असेल तर खूण नंतर घ्या.

थ्रेड्ससाठी वेगळं काही करायचं नाही. तिथलं युजरनेम इन्स्टाग्रामचंच. इकडे बदललं की तिकडे बदललं, नको असलं तरी.

अकाउंट्स सेंटरमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकत्र जोडलेले असतील तर प्रोफाइलची माहिती सिंक करायचा पर्याय चालू आहे का ते आधी बघा. इन्स्टाग्रामवरचं दुकानाचं नाव स्वतःच्या फेसबुक खात्यावर जाऊन बसायला नको.

एक्स (पूर्वीचं ट्विटर): पाचपैकी तीन

एडिट प्रोफाइलमध्ये जाऊन दिसणारं नाव दिवसातून चार वेळा बदला, कुणी विचारत नाही. मर्यादा ५० अक्षरांची. पूर्वी ती २० होती, नोव्हेंबर २०१७ मध्ये वाढवली. देवनागरी लिहिणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा लागतो. संगणकाच्या हिशेबात मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही स्वतंत्र अक्षरं असतात. 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरांचं, मोजणीत दहा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि शेवटी दोन इमोजी लावले की जागा संपते.

मोजणीइतकाच त्रास टंकनाचा. 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो: एक अख्खं अक्षर म्हणून आणि एक 'अ'वर चंद्र ठेवून. 'ऱ्हे', 'ऱ्हा' मधला अर्धा 'र'ही कीबोर्डनुसार वेगवेगळा साठवला जातो. पडद्यावर दोन्ही जुळे, शोधताना वेगळे. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे या मंडळींनी नाव बदलल्यावर दुसऱ्या फोनवरून, दुसऱ्या कीबोर्डने स्वतःला शोधून बघावं. हे फक्त एक्सला नाही, प्रत्येक ॲपला लागू आहे.

युजरनेम बदलण्याची जागा वेगळी: सेटिंग्ज अँड प्रायव्हसी, युअर अकाउंट, अकाउंट इन्फर्मेशन, युजरनेम. जास्तीत जास्त १५ अक्षरं, रोमन, अंक आणि अंडरस्कोअर. मराठी आडनावांना १५ ही मर्यादा फार तोकडी. फॉलोअर आणि मेसेज जागच्या जागी राहतात. जुन्या ट्वीटच्या लिंकही चालतात, कारण लिंकमधला लांबलचक आकडा खरा पत्ता असतो आणि युजरनेम नुसतं शोभेला. इन्स्टाग्रामपेक्षा हे बरं. पण जुन्या संभाषणांत लोकांनी लिहिलेला उल्लेख जुन्याच नावाचा राहतो, आणि ते नाव दुसऱ्याने घेतलं तर उल्लेख त्याच्याकडे वळतो. जुनं नाव राखून ठेवायची सोय नाही, हे गुण कापण्याचं मुख्य कारण.

निळी खूण विकत घेतलेल्यांचं नाव बदललं की खूण तात्पुरती जाते आणि तपासणीनंतर परत येते. हे नोव्हेंबर २०२२ चं शहाणपण. पैसे भरून खूण देणं सुरू झालं आणि कुणीतरी एली लिली या औषध कंपनीचं नाव-चित्र लावून 'इन्सुलिन आता फुकट' असं जाहीर करून टाकलं. विडंबनाची खाती चालवणाऱ्यांनाही एप्रिल २०२५ पासून नावाच्या सुरुवातीलाच तसा शब्द लिहावा लागतो. नेत्यांच्या नावाने मराठीत टवाळी करणाऱ्या खात्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं, शेवटी कुठेतरी 'पॅरडी' लिहून आता भागत नाही.

लिंक्डइन: पाचपैकी साडेचार

नाव बदलणाऱ्याच्या बाजूने विचार केलेली ही एकच सेवा. प्रोफाइलवरची पेन्सिल दाबा. पहिलं नाव, आडनाव, आणि त्याखाली 'ॲडिशनल नेम'. इथे पूर्वीचं नाव लिहायचं आणि ते कुणाला दिसावं हे स्वतः ठरवायचं: फक्त ओळखीच्यांना, त्यांच्याही ओळखीच्यांना की सगळ्यांना. दहा वर्षांपूर्वीचा वरिष्ठ किंवा जुन्या कंपनीची एचआर जुन्या आडनावाने शोधते तेव्हा हाच रकाना कामाला येतो. शोधनिबंध किंवा पेटंट जुन्या नावावर असलेल्यांनी तर तो रिकामा ठेवूच नये.

नावाचा उच्चार दहा सेकंदांत ध्वनिमुद्रित करून लावता येतो, मात्र मोबाइल ॲपमधूनच. परदेशात काम करणाऱ्या मराठी माणसाला याचं मोल सांगायला नको. 'ळ' आणि 'ज्ञ' असलेल्यांनी लगेच करावं.

लिंकचा पत्ता वेगळा बदलावा लागतो, 'पब्लिक प्रोफाइल अँड यूआरएल' मध्ये. ३ ते १०० अक्षरं, सहा महिन्यांत पाच वेळा. नाव बदललं तरी पत्ता जुन्या आडनावाचाच राहतो, हे बहुतेकांना मुलाखतीच्या आदल्या रात्री बायोडाटा पाठवताना दिसतं. पत्ता बदललात तर बायोडाटा आणि ईमेलच्या सहीतली लिंक त्याच बैठकीत बदला.

अर्धा गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. इतरांनी लिहिलेल्या शिफारशींच्या मजकुरात जुनं नाव तसंच राहतं. त्यासाठी एकेकाला 'सुधारून द्या' अशी विनंती पाठवावी लागते. सोय तिथेच आहे, पण पंधरा जणांच्या मागे लागणं आलं. आणि ओळख पडताळून घेतली असेल, जी भारतात आधारच्या आधारे होते, तर नाव बदलल्यावर ती खूण जाऊ शकते. आधी आधारवरचं नाव बदला, मग लिंक्डइनवरचं, मग पडताळणी. हा क्रम उलटा केला की तीच वारी दोनदा.

यूट्यूब: पाचपैकी चार

यूट्यूब स्टुडिओ, कस्टमायझेशन, तिथे नाव आणि हँडल. बदल करून पब्लिश. दोन्हीही १४ दिवसांत दोनदा बदलता येतात. इथे बदललेलं चॅनेलचं नाव फक्त यूट्यूबवर बदलतं, जीमेलवर नाही. पूर्वी ही सरमिसळ होऊन अनेकांचे ऑफिसचे मेल 'चमचमीत किचन' छापाच्या नावाने जात.

हँडल ३ ते ३० अक्षरांचं. ते बदललं की जुनं हँडल १४ दिवस तुमच्याच नावे राखलेलं असतं आणि त्या काळात जुना-नवा दोन्ही पत्ते चालतात. हीच साधी सोय इन्स्टाग्रामला सुचली असती तर तिथला निम्मा मजकूर लिहावाच लागला नसता. छापील कामासाठी मात्र हँडल वापरूच नका. प्रत्येक चॅनेलला यूसी या अक्षरांनी सुरू होणारा २४ अक्षरांचा कायमचा क्रमांक असतो. नाव बदलो, हँडल बदलो, तो बदलत नाही. क्यूआर त्या लिंकचा करा.

पडताळणीची करडी 'बरोबर'ची खूण मिळालेलं चॅनेल असेल तर नाव बदलल्यावर ती खूण जाते आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. अर्जासाठी एक लाख सबस्क्रायबर लागतात. पूर्वी खूण मिळाली आणि आता आकडा त्याखाली घसरलाय, अशांनी नावाला हात लावण्याआधी विचार करावा. हँडल बदलल्याने खूण जात नाही.

उरलेली दोन

व्हॉट्सॲपला गुण द्यावेत असं काही नाही. सेटिंग्ज, आपल्या नावावर बोट, २५ अक्षरांत नवं नाव, संपलं. पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांना त्यांनी साठवलेलंच नाव दिसणार. नवं नाव दिसतं ते नंबर नसलेल्यांना, ग्रुपमध्ये नावाआधी लाटेसारखी खूण लागते तिथे. नाव बदलल्याचा कुणालाही निरोप जात नाही. नातेवाइकांच्या फोनमध्ये 'बाळूची मोठी' अशी नोंद असेल तर ती तशीच राहणार, राजपत्र दाखवलंत तरी. स्नॅपचॅटवर दिसणारं नाव हवं तेव्हा बदलतं, युजरनेम वर्षातून एकदाच.

'६० दिवसांची अट तोडून देतो', 'बंद झालेलं नाव चालू करून देतो' असं सांगून पाचशे-हजार रुपये घेणारे आणि त्यासाठी पासवर्ड किंवा ओटीपी मागणारे गल्लोगल्ली आहेत. असा मागचा दरवाजा अस्तित्वात नाही. पैसे जातात ते जातात, खातंही जातं. 'तुमचं नाव नियमबाह्य आहे, २४ तासांत दुरुस्त करा' अशा मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. फेसबुकने खरंच काही पाठवलं असेल तर ते सहसा फेसबुकमेल डॉट कॉम या पत्त्यावरून येतं, आणि अलीकडे पाठवलेल्या मेलची यादी ॲपच्या सुरक्षा सेटिंग्जमध्येही दिसते. तिथे नसेल तर मेल खोटा.

ज्या संकेतस्थळांवर 'कंटिन्यू विथ फेसबुक' किंवा गूगलने शिरलात, त्यांनी तुमचं नाव पहिल्याच दिवशी उतरवून घेतलेलं असतं आणि पुढे ते आपलं आपण सांभाळतात. फेसबुकवर बदललं म्हणून तिथे बदलत नाही. खरेदीच्या आणि प्रवास-तिकिटांच्या खात्यांत आत जाऊन बदला. विमानाच्या तिकिटावर जुनं आडनाव आणि हातात नव्या नावाचं ओळखपत्र, ही विमानतळावर सोडवण्यासारखी गोष्ट नव्हे. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव बदलायचं ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून: सेटिंग्ज, सी ऑल सेटिंग्ज, अकाउंट्स अँड इम्पोर्ट, सेंड मेल ॲज, एडिट इन्फो. मोबाइल ॲपमध्ये हा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका, तिथे तो नाही. बदल केल्यावर स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक मेल टाकून बघा. आधी गेलेल्या मेलवर जुनंच नाव राहणार.